चव त्यांची, फुप्फुसे आपली!



आपल्या चळवळीत व्यसनावर बोलायचे म्हणजे दारूवर बोलायचे, असे समीकरणच होऊन बसले आहे. दारूने घर कसे मोडते हे प्रत्येक वस्तीने पाहिले आहे, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण तंबाखूचा विषय निघाला की आपले कार्यकर्तेसुद्धा "त्यात काय एवढं, चालायचंच" म्हणून पुढे सरकतात. कित्येकदा तर सभा संपल्यावरची खरी चर्चा पानठेल्यावर, धुरातच रंगते.

या लेखात मला तंबाखूच्या एकाच बाजूवर बोलायचे आहे. ती बाजू म्हणजे चव. पुदिन्याची सिगारेट, लवंगेच्या वासाची बारीक तपकिरी कांडी, फिल्टरमध्ये दाबायची गोळी, चॉकलेटच्या वासाचा छोटा सिगार, सुगंधित तंबाखू, गोड सुपारी. तरुण पोरांना हे सारे तंबाखूपेक्षा 'जरा हलके' वाटते. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. तंबाखूत घातलेली चव व्यसन लावण्याचे काम करते आणि हे काम तिच्याकडून मुद्दाम करवून घेतले जाते. म्हणून सर्व तंबाखूजन्य पदार्थांतील चवीवर बंदी ही मागणी डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. ती आंबेडकरी तरुणांनी राजकीय मागणी म्हणून उचलली पाहिजे.

ठेल्यावर काय दिसते?

लकडगंज म्हटले की नागपूरकरांना लाकडाचे टाल, आरा मशीन आणि ट्रान्सपोर्टची गोदामे आठवतात. इथे हमाल, ट्रकचालक, आरा मशीनवरचे कामगार, इतवारीच्या ठोक बाजारात रोजीला जाणारी पोरे आणि कॉलेजचे विद्यार्थी एकाच पानठेल्यावर उभे असतात. मात्र प्रत्येकाची खरेदी वेगळी असते. पन्नाशीचा हमाल बिडीचे बंडल नाही तर खर्रा घेतो. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा सुटी सिगारेट मागतो आणि त्यातही "क्लिकवाली दे", "मिंटवाली दे" म्हणतो.

महाराष्ट्र शासनाने २४ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यावर बंदी घातली. कारण सरळ होते. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा बंधनकारक आहे, पण एकच सिगारेट हातात पडली तर तो इशारा ग्राहकाच्या डोळ्यांसमोर येतच नाही. बंदीला इतकी वर्षे झाली. आज कुठल्याही चौकात उभे राहून पाहा, किती जण अख्खे पाकीट घेतात आणि किती जण एक-दोन कांड्या घेतात.

सुटी विक्री आणि चव या दोन गोष्टी एकमेकींना धरून चालतात. ज्या पोराच्या खिशात अख्ख्या पाकिटाचे पैसे नाहीत, तो एक कांडी परवडते म्हणून सुरुवात करतो. ती पहिली कांडी घशाला लागू नये याची काळजी चव घेते.

चव शरीरात काय करते?

पहिल्यांदा साधी सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्याला काय होते? ठसका लागतो, घसा जळतो, डोळ्यांत पाणी येते, काहींना मळमळते. हा शरीराने दिलेला नकार आहे. फुप्फुसे सांगत असतात की हा धूर आत घेऊ नको. पुष्कळ माणसे या पहिल्या नकारापाशीच थांबतात. कंपनीच्या दृष्टीने हे थांबणे म्हणजे पुढच्या तीस वर्षांचे गिऱ्हाईक गमावणे.

इथे पुदिन्याचे सत्त्व, म्हणजे मेंथॉल, कामाला येते. मेंथॉल घशातील थंडपणा जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना चेतवते. घशाला थंड वाटते आणि जळजळ झाकली जाते. धूर तोच, डांबर तेच, कार्बन मोनॉक्साइड तोच, पण शरीराची तक्रार दाबली जाते. तक्रार दाबली की झुरका सहज आत जातो आणि पुढचा झुरका घ्यायची भीती उरत नाही.

लवंगेचे काम त्याहून सरळ आहे. दाढ दुखली की आपली आजी लवंगेचे तेल कापसावर घेऊन दाढेवर ठेवायला सांगायची. दाढ बधिर होते, कारण लवंगेत युजेनॉल नावाचे बधिर करणारे द्रव्य असते. लवंगेच्या सिगारेटमध्ये हेच द्रव्य घशाला बधिर करते. घरातले औषध घरच्याच पोराला विष पाजण्याच्या कामी लावले आहे.

आता निकोटिनचे पाहू. ओढलेल्या धुरातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते. तिथे डोपामिन नावाचे रसायन सुटते आणि मेंदू त्या क्षणाची नोंद 'सुखाचा क्षण' म्हणून करतो. पण मेंदू एकट्या निकोटिनची नोंद करत नाही. त्या वेळी जिभेवर असलेली चव, नाकातला वास, गोळी फुटल्याचा 'टिक' आवाज, सोबतचा मित्र, हातातला चहा, हे सारे त्याच नोंदीत बांधले जाते. पुढे नुसता तो वास आला तरी तलफ येते. म्हणजे चव आधी दार उघडते, आणि एकदा माणूस आत आला की तीच चव त्याला बाहेर पडू देत नाही. पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते, त्यामुळे या वयात बसलेली गाठ सुटायला अधिक कठीण जाते.

"मी साधी ओढतो, ही तर कधी तरी"

वस्तीतल्या पोरांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते. जो आधीपासून सिगारेट ओढतो तो म्हणतो, "मी कमी केली आहे, आता मधूनमधून वासवाली घेतो." किंवा, "छोटा सिगार धरायचा नसतो, तो शौक आहे." त्याच्या डोक्यात दोन वेगळे हिशेब आहेत. सिगारेट म्हणजे व्यसन आणि चवीची कांडी म्हणजे मजा.

शरीराकडे असे दोन हिशेब नसतात. छोटा सिगार म्हणजे बहुधा सिगारेटच्याच आकाराची, फिल्टर लावलेली कांडी. फरक एवढाच की पांढऱ्या कागदाऐवजी तिला तंबाखूचे पान किंवा तंबाखूचा अंश असलेला तपकिरी कागद गुंडाळलेला असतो. ज्याला सिगारेटचा झुरका छातीत घ्यायची सवय आहे, तो ही कांडीही तशीच छातीत ओढतो. शिवाय सिगारच्या तंबाखूचा धूर अधिक क्षारधर्मी असतो, त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शोषले जाते. म्हणजे जो सिगारेटसोबत चवीचा सिगारही घेतो, तो एक वाट सोडून दुसरी धरत नाही. तो निकोटिनच्या दोन वाटा एकदम उघडतो. जिथे तो 'कमी केली' म्हणतो तिथे मेंदूला मिळणारा पुरवठा तसाच राहतो, कधी वाढतोही. आणि 'ही मोजायची नाही' असे ठरवून टाकल्यामुळे तो सोडण्याचा विचारही पुढे ढकलतो.

अमेरिकेत २०१३-१४ मध्ये झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत १२ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना विचारले गेले. ज्यांनी कधी ना कधी तंबाखूचे उत्पादन वापरले होते, त्यांच्यापैकी दहातल्या आठ जणांची सुरुवात चवीच्या उत्पादनाने झाली होती. आपल्याकडे गोड सुपारीच्या पुडीपासून खर्ऱ्यापर्यंत गेलेला विदर्भातला कोणताही पोरगा हेच सांगेल.

कायद्याची गंमत पाहा

विदर्भाला या विषयात कोणी शिकवण्याची गरज नाही. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आपल्याकडे पाहुण्याला पाण्याच्या आधी विचारला जातो. त्याची किंमतही आपणच मोजतो. नागपूरच्या कर्करोग नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. तुकडोजी कर्करोग रुग्णालयाच्या बाहेर अर्धा तास उभे राहिले तर तोंडाला रुमाल लावून आलेली, तोंड दोन बोटांपलीकडे न उघडणारी तरुण माणसे दिसतात.

शासनाने काही केले नाही असे नाही. जुलै २०१२ मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. २०१३ मध्ये ती सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीपर्यंत वाढवली गेली. अन्न सुरक्षा कायद्याखाली निघणारा हा आदेश दरवर्षी पुन्हा काढला जातो. याचा अर्थ काय होतो? महाराष्ट्र शासनाने एक तत्त्व मान्य केले आहे की तंबाखूला सुगंध लावणे घातक आहे.

मग हेच तत्त्व सिगारेटला का लागू होत नाही? खर्ऱ्यात पडणारी सुगंधित तंबाखू बेकायदा आणि ओढायची सुगंधित तंबाखू कायदेशीर, हे कसे? उत्तर तांत्रिक आहे. चघळायचा पदार्थ 'अन्न' ठरवून बंदी घालता आली. सिगारेट अन्न नाही. ती २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य पदार्थ कायद्याखाली, म्हणजे कोटपाखाली येते, आणि त्या कायद्यात चवीबद्दल एक शब्द नाही. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको, अठरा वर्षांखालील मुलांना विक्री नको, जाहिरात नको, इशारा हवा. हे सगळे त्यात आहे. पण त्या पाकिटातल्या मालात पुदिना घाला, लवंग घाला, फळाचा रस भरलेली गोळी घाला, कायद्याला त्याचे काही नाही.

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात वर्ग दिसतो. खर्रा घोटणारा ठेलेवाला गुन्हेगार आहे, त्याच्याकडचा डबा जप्त होतो. गुटखाबंदीच्या कारवाईत छोट्या विक्रेत्यांवर विषप्रयोगासाठी असलेले भारतीय दंड संहितेचे कलम ३२८ सुद्धा लावले गेले. पण वातानुकूलित प्रयोगशाळेत बसून कोणती चव वीस वर्षांच्या पोराला आवडेल हे ठरवणारा माणूस मात्र उद्योजक आहे. कोटपामध्ये जाहिरातबंदी मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. हजारो कोटींचा धंदा करणाऱ्या कंपनीला एक हजार रुपये म्हणजे काय?

आणि शासन यात केवळ पंच नाही. आपल्या आया काटकसर करून ज्या एलआयसीचा हप्ता भरतात, ती एलआयसी देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीची मोठी भागधारक आहे. विमा माणसाच्या आयुष्याचा आणि गुंतवणूक त्याच्या मरणात!

बोस्टनच्या वस्तीत जे घडले

दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून कृष्णवर्णीयांच्या वस्तीत चवीच्या तंबाखूने काय केले, हे आपल्याला माहीत असायलाच हवे.

१९५० च्या दशकात सिगारेट ओढणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी दहातला एकही जण मेंथॉलची सिगारेट ओढत नव्हता. आज दहातले आठ जण मेंथॉल ओढतात. ही त्यांची 'सांस्कृतिक आवड' नव्हती. कंपन्यांनी त्यांच्या वस्त्यांत गाड्या पाठवल्या, फुकट पाकिटे वाटली, त्यांच्या नियतकालिकांना जाहिराती दिल्या, त्यांच्या जॅझ संगीताचे महोत्सव प्रायोजित केले. बोस्टनच्या एका सरकारी वसाहतीत वाढलेल्या मेरी इव्हान्सला लहानपणी खेळाच्या मैदानाजवळ मेंथॉल सिगारेटी फुकट मिळत. २००२ मध्ये ती फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. तिच्या मुलाने लोरिलार्ड कंपनीवर खटला भरला आणि २०१० मध्ये ज्युरीने कंपनीला जबाबदार धरले.

२००९ मध्ये अमेरिकेने सिगारेटमधल्या चवींवर बंदी घालणारा कायदा केला. त्या कायद्यात दोन भोके ठेवली गेली. पहिले भोक म्हणजे मेंथॉल, जे कृष्णवर्णीय सर्वांत जास्त ओढत होते, तेच वगळले. दुसरे भोक म्हणजे सिगार. बंदी फक्त सिगारेटवर होती. मग इंडोनेशियाच्या लवंग सिगारेट बनवणाऱ्या कंपनीने तोच माल तपकिरी वेष्टनात गुंडाळून 'छोटा सिगार' म्हणून बाजारात आणला. चेरी, द्राक्ष, चॉकलेट अशा चवींचे छोटे सिगार दुकानादुकानांत आले. तिथे सिगारेट पाकिटाशिवाय विकता येत नाही, सिगार मात्र एक-दोन सुटे विकता येतात. म्हणजे तोच लकडगंजचा ठेला, फक्त डॉलरमध्ये! इंडोनेशिया जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि २०१२ मध्ये जिंकला. लवंग बंद आणि मेंथॉल चालू हा भेदभाव आहे, असे तिथे ठरले. एप्रिल २०२२ मध्ये मेंथॉल सिगारेट आणि चवीचे सगळे सिगार बंद करण्याचा प्रस्ताव आला, पण जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. युरोपीय संघाने मात्र २०१६ मध्ये सिगारेटमधल्या चवी आणि मे २०२० मध्ये मेंथॉलही बंद केले. इच्छा असली तर होते.

या वादात कृष्णवर्णीय समाजातूनच एक आक्षेप आला आणि तो आपण गंभीरपणे ऐकला पाहिजे. जुलै २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एरिक गार्नर नावाच्या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी सुट्या सिगारेटी विकतो या संशयावरून धरले आणि गळा आवळल्याने तो मेला. बंदी आली तर पोलिसांना आमच्या पोरांना धरायला आणखी एक निमित्त मिळेल, अशी भीती लोकांनी व्यक्त केली. ही भीती खोटी नाही. आपल्या वस्तीत पोलिसांची गाडी कशासाठी येते हे आपल्यालाही माहीत आहे. पण या भीतीचे उत्तर 'बंदीच नको' असे होऊ शकत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी चवीच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घातली, पण ओढणाऱ्याला शिक्षा ठेवली नाही. कायद्याचा रोख कोणावर असावा, हे कायदा लिहितानाच ठरते. म्हणून तो लिहिला जाताना आपण तिथे असले पाहिजे.

बिडी, बाबू हरदास आणि 'जय भीम'

काही मित्र म्हणतील, सिगारेट ही बड्यांची गोष्ट, तिच्याशी आपला काय संबंध? तंबाखूशी आपल्या चळवळीचा संबंध 'जय भीम' या शब्दांइतका जुना आहे.

ज्यांनी आपल्याला 'जय भीम' हे अभिवादन दिले ते कामठीचे बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे बिडी कामगारांचे पुढारी होते. ठेकेदार बिडी वळणाऱ्यांना लुबाडत, त्याविरुद्ध त्यांनी बिडी मजुरांची संघटना उभारली. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधिमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. तंबाखूच्या धंद्यात नफा कोणाचा आणि खोकला कोणाचा, हा प्रश्न त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी विचारला होता.

पुढची गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. १९९० च्या दशकात भारतीय बिडी अमेरिकेत पोहोचली, ती चॉकलेट, आंबा, स्ट्रॉबेरीच्या चवीत. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शहरी मुलांची पाहणी झाली तेव्हा दहातल्या चौघांनी बिडी कधी ना कधी ओढली होती. का ओढली, यावर मिळालेली उत्तरे होती की चव चांगली, स्वस्त, सिगारेटपेक्षा कमी धोक्याची. आपल्याकडे जिला गरिबाचे व्यसन म्हणून हिणवतात, तिला चव लावली की ती अमेरिकन शाळकरी पोरांची मजा झाली. माल तोच होता. चवीने त्याचे गिऱ्हाईक बदलले.

काही आक्षेप

"ओढायचे की नाही हा माझा वैयक्तिक प्रश्न आहे." स्वातंत्र्य आपल्याला प्रिय आहे, असलेच पाहिजे. पण निवड स्वतंत्र असायची तर शरीराने दिलेला नकार ऐकू यायला हवा. तो नकार बधिर करून मिळवलेली संमती ही संमती नव्हे. आणि ज्याला सोडायचे आहे पण सोडता येत नाही, त्याचे स्वातंत्र्य कोणाकडे गहाण आहे?

"महाराष्ट्रात सिगारेट ओढणारे आहेत तरी किती?" २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार राज्यात प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक ओढतात आणि २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू वापरतात. आकडा छोटा आहे हे खरे. कंपनीला त्यात मोकळी बाजारपेठ दिसते. खर्रा खाणाऱ्या बापाचा शिकलेला मुलगा खर्ऱ्याला गावठी समजतो. त्याच्यासाठी ही चकचकीत, वासाची कांडी ठेवलेली आहे. पहिल्या पिढीने शिक्षण घेतले, दुसऱ्या पिढीला नोकरी लागली आणि तिच्या खिशातल्या पहिल्या पगारावर डोळा ठेवून कोणीतरी बसले आहे.

"ठेलेवाल्यांचे पोट जाईल." ठेला पान, चहा, बिस्किट, रिचार्ज यांवरही चालतो. चवीचा माल गेला म्हणून ठेला बसत नाही. पोटाची काळजी खरी असेल तर ठेलेवाल्याला दुसऱ्या मालासाठी कर्ज द्या, बिडी वळणाऱ्या बायांना दुसरा रोजगार द्या. कामगाराच्या पोटाची ढाल करून मालकाचा नफा वाचवणे ही जुनी युक्ती आहे.

"पाचव्या शीलात तंबाखू कुठे आहे?" नाव नसेल. पण ज्याने माणूस बेसावध होतो त्यापासून दूर राहणे हा त्या शीलाचा आशय आहे. आणि बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात महिला परिषदेत स्त्रियांना सांगितले होते, की दुर्गुणांपासून दूर राहा आणि मुलांना शिकवा. त्यांनी या दोन गोष्टी एकत्र का सांगितल्या, याचा विचार आपण करावा.

"आपले लोक व्यसनीच आहेत." हे बोलणारे आपल्यातही आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जाती-जमातींमध्ये तंबाखूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसते, हे सत्य आहे. पण उपाशीपोटी बारा तास ओझी उचलणाऱ्याच्या हाताशी भाकरीपेक्षा स्वस्त काय ठेवले आहे, हे न पाहता दोष रक्तात शोधणे म्हणजे मनूचेच शास्त्र नव्या आकड्यांत लिहिणे.

काय मागायचे, काय करायचे?

एक, कोटपा कायद्यात दुरुस्ती करून सिगारेट, सिगार, बिडी, हुक्का आणि चघळायची तंबाखू या सर्वांतील चव, सुगंध आणि फिल्टरमधल्या गोळ्यांवर बंदी घालावी. कुठलाही प्रकार वगळू नये. अमेरिकेने ठेवलेले भोक आपण ठेवू नये.

दोन, जबाबदारी उत्पादक आणि ठोक पुरवठादारावर ठेवावी. दंड उलाढालीच्या प्रमाणात असावा. ओढणाऱ्यावर किंवा छोट्या ठेलेवाल्यावर अजामीनपात्र कलमे नकोत.

तीन, सुट्या विक्रीची बंदी कागदावरून रस्त्यावर यावी. लकडगंज झोनमधल्या किती शाळा-कॉलेजांपासून शंभर यार्डांत तंबाखू विकली जाते, याची यादी आपल्या तरुणांनीच बनवावी आणि महापालिका व पोलिसांकडे लेखी द्यावी. पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्ज टाकावा.

चार, आपल्या जयंतीच्या कमानीवर, क्रिकेट स्पर्धेच्या बॅनरवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या स्वागत फलकावर 'वेलची'च्या नावाने चाललेली पानमसाल्याची जाहिरात घेऊ नये. कृष्णवर्णीयांच्या संस्थांनीही अनेक वर्षे तंबाखू कंपन्यांचा पैसा घेतला. त्यांच्या सर्वांत जुन्या संघटनांपैकी एक असलेल्या एनएएसीपीने २०१६ मध्ये मेंथॉलवरील निर्बंधांना पाठिंब्याचा ठराव केला. आपण तेवढी वाट पाहू नये. पुढच्या जयंती समितीच्या पहिल्या बैठकीतच ठराव घ्यावा.

पाच, सोडू पाहणाऱ्याला शिव्या देऊ नये, साथ द्यावी. निकोटिन सोडल्यावर पहिले तीन दिवस सर्वांत अवघड असतात. चिडचिड होते, झोप लागत नाही, भूक वाढते. हे माहीत असले तर माणूस चौथ्या दिवशी हार मानत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे. सरकारी दंत महाविद्यालयात तोंडाची तपासणी करून घेता येते. तोंडात पांढरा चट्टा दिसत असेल, तिखट लागल्यावर आग होत असेल किंवा तोंड पूर्वीइतके उघडत नसेल तर आजच जा. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला दिली तरी पुष्कळ होईल.

मित्रांनो, भारतात तंबाखूमुळे दरवर्षी साडेतेरा लाखांच्या आसपास माणसे मरतात. त्यात बापूंच्या, साहेबांच्या, हमालांच्या, सगळ्यांच्या घरची माणसे आहेत. पण ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या घरी उपचार वेळेत होतात. आपल्या घरी निदान उशिरा होते, शेत किंवा दागिना विकला जातो, मुलीचे कॉलेज सुटते. बाबासाहेबांनी ज्या मेंदूंना शिकायला सांगितले, त्या मेंदूंत पुदिन्याच्या वासाने निकोटिन पेरले जात असताना गप्प राहणे हेही एक प्रकारचे सहकार्यच आहे.

बिडी मजुरांसाठी झिजलेल्या माणसाने दिलेले अभिवादन आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. ते उच्चारताना दुसऱ्या हातात काय आहे, एवढे एकदा पाहावे.

जय भीम!